मशीन म्हणतं स्नायू वाढले, नाना म्हणतात उठवत नाही

नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"माझ्या सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. वय 66, निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑगस्टमध्ये त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. सप्टेंबरअखेरपासून केमो सुरू आहे. तीन आठवड्यांतून एकदा दवाखान्यात बाटलीतून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि मग घरी चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. एप्रिलच्या खरड छाटणीला त्यांचं वजन 68 किलो होतं, ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत 61 वर आलं. माझ्या धाकट्या दिरांची जिम आहे. तिथे शरीरातली चरबी, स्नायू, पाणी असं सगळं सांगणारं मशीन आहे. नोव्हेंबरअखेर नानांना त्यावर उभं केलं, मग तीन आठवड्यांनी पुन्हा. दुसऱ्या कागदावर वजन 61 चं 62.4 झालेलं, चरबी सोडून उरलेलं वजन 1.9 किलोने वाढलेलं आणि चरबी अर्धा किलो कमी. दीर म्हणाले, बघा वहिनी, पनीर आणि प्रोटीन पावडर लागू पडली. घरात सगळे खूश. पण नाना म्हणतात, संडासातून उठताना आता भिंत धरावी लागते. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठलेले असतात. मी कागदावर विश्वास ठेवू की नानांवर? त्या मशीनच्या विजेने कॅन्सर पसरत तर नाही ना? मोबाइलला जोडायचा वजनकाटा घरी घ्यावा का? आणि डॉक्टर केमोचा डोस या आकड्यांवरून ठरवतात का?"

ताई, नानांवर विश्वास ठेवा.

कागद खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. मशीनने जे मोजलं ते बहुधा नीटच मोजलं असेल. त्यावरून काढलेला अर्थ चुकलाय. तो कसा चुकला ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे दिरांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल. पण आधी पायांचं बघू, ते थांबण्यासारखं नाही.

आज संध्याकाळी नानांच्या घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा पडून राहिला तर तिथे पाणी साठलंय. दोन्ही पायांवर सारखं असेल तर केमोच्या डॉक्टरांना फोन करून एक-दोन दिवसांत दाखवा. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, किडनी, हृदय, उलटी थांबवण्यासाठी दिलेलं स्टिरॉइड, कारणं बरीच असतात आणि ती तपासूनच कळतात. एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. कॅन्सर आणि केमो या दोन्हींमुळे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना न विचारता घरात कोणाची तरी पडलेली लघवीची गोळी देऊ नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण असं सर्रास होतं.

आता मशीन. नाना बागायतदार आहेत, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल. विहिरीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, ते मीटरने तपासून घेतच असतील. त्या मीटरला पाण्यातले क्षार दिसत नाहीत. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच तो पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जिममधलं मशीन माणसाचा ईसी घेतं म्हणा. अंगातून अगदी सूक्ष्म, एक मिलिअँपिअरहूनही कमी असा उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडतं, साधारणपणे 50 किलोहर्ट्झचा, आणि त्याला वाटेत किती रोध झाला ते मोजतं. क्षार विरघळलेलं पाणी वीज सहज नेतं, चरबी नेत नाही. एवढंच त्याला कळतं. स्नायू नावाची गोष्ट त्या मशीनला ठाऊकच नाही.

मग कागदावर स्नायूंचे किलो येतात कुठून? उंचीचा वर्ग घ्यायचा, त्याला मोजलेल्या रोधाने भागायचं, त्यात वय, वजन, स्त्री-पुरुष हे मिसळायचं आणि एका ठरावीक सूत्राने शरीरातलं एकूण पाणी काढायचं. निरोगी माणसाच्या चरबीविरहित भागात सुमारे 73 टक्के पाणी असतं. म्हणून पाण्याच्या आकड्याला 0.73 ने भागलं की चरबीविरहित वजन मिळतं, आणि ते एकूण वजनातून वजा केलं की उरते ती चरबी. सगळी इमारत त्या 73 वर उभी आहे. पायात पाणी उतरलेल्या माणसात तो 73 राहात नाही, पण मशीनला हे सांगणार कोण?

तुमचेच आकडे घेऊन गणित करा. समजा तीन आठवड्यांत नानांच्या पायांत 1.4 लिटर पाणी साठलं, बाकी काहीच बदललं नाही. काटा 1.4 किलो जास्त दाखवेल, म्हणजे 61 चे 62.4. मशीन त्या 1.4 ला 0.73 ने भागेल, आले 1.9. चरबीविरहित वजन 1.9 किलोने वाढल्याचं छापून येईल. वजन वाढलंय 1.4 आणि त्यातले 1.9 या खात्यात गेले, म्हणून हिशेब जुळवायला चरबीतून अर्धा किलो कापला जाईल. दुसऱ्या कागदावर नेमकं हेच आहे, ताई. पनीर कुठेच आलं नाही. 66 वर्षांचा माणूस, ऑपरेशन होऊन चार महिने, केमो चालू, आणि तीन आठवड्यांत जवळपास दोन किलो मांस चढलं, हे तर जिममध्ये रोज घाम गाळणाऱ्या पोरांनाही जमत नाही. दिरांना एवढं एकच विचारून बघा.

यात आणखी एक गंमत आहे. हातापायांतली वाट लांब आणि अरुंद, धडातली आखूड आणि रुंद. त्यामुळे शरीराचं जवळपास निम्मं वजन धडात असूनही एकूण रोधात धडाचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणजे पायात उतरलेलं थोडं पाणीही मशीन मोठं करून दाखवतं, आणि एखाद्या पेशंटच्या पोटात चार-पाच लिटर पाणी झालेलं असलं तरी ते त्याच्या नजरेतून बरंचसं निसटतं. उलटंही होतं. कॅपेसिटाबिनने जुलाब लागले, दोन दिवस पाणी कमी पडलं, की रोध वाढतो आणि कागद सांगतो की स्नायू घटले, चरबी वाढली. घरचे घाबरून भात-तूप बंद करतात. ज्या माणसाला एकेक घास मोलाचा आहे त्याचा घास असा एका छापील कागदापायी काढून घेतला जातो, त्याचा मला खरंच राग येतो.

हे माझं एकटीचं मत नाही. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संघटनेने, म्हणजे एस्पेनने, 2004 मध्ये या तपासणीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पाणी आणि क्षारांचं संतुलन स्थिर असेल आणि सूत्र त्या वयाच्या, त्या वंशाच्या लोकांवर पारखलेलं असेल तर ही पद्धत चालते. अंगावर सूज असेल किंवा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 16 च्या खाली अथवा 34 च्या वर असेल तर आकड्यांवर विसंबू नये, असं त्यात म्हटलंय. वंशाचा मुद्दा आपल्याला लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. तेव्हा पाश्चात्त्य लोकांवर बेतलेलं सूत्र आपल्या माणसाला लावलं की फरक पडणारच. जिमच्या मशीनमध्ये कोणतं सूत्र भरलंय हे कंपन्या बहुधा सांगतही नाहीत.

नानांची उंची तुम्ही 165 सेंटिमीटर लिहिली आहे. त्या हिशेबाने आजही त्यांचा बीएमआय 22 च्या वर येतो, म्हणजे तक्त्यात ते 'नॉर्मल'. त्यावर जाऊ नका. सहा महिन्यांत 68 वरून 61 म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वजन गेलं. कॅन्सरमध्ये अंग झडत जातं त्याला कॅशेक्सिया म्हणतात. त्याची व्याख्या 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवली, त्यात सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त घट हा पहिलाच निकष आहे. यातली काही घट ऑपरेशनमुळेही असेल, पण डॉक्टरांसमोर हा आकडा स्पष्ट शब्दांत मांडा. ओपीडीत वजन लिहिलं जातं ते त्या दिवसाचं. एप्रिलचे 68 तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाहीत.

मग हे तंत्र कॅन्सरच्या पेशंटसाठी टाकाऊ आहे का? तसंही नाही. ऑपरेशनच्या आधी, अंगावर सूज नसताना घेतलेलं एक मोजमाप आणि पुढे तशाच परिस्थितीत घेतलेली मोजमापं, यांची तुलना उपयोगी पडते. आणि मशीनने मोजलेल्या मूळ आकड्यांमध्ये एक असा आहे की त्याला उंची, वजन, सूत्र काहीच लागत नाही. त्याला फेज अँगल म्हणतात. पेशीचं आवरण प्रवाहाला क्षणभर अडवून धरतं. या अडवण्याचा आकडा, म्हणजे रिॲक्टन्स, आणि साधा रोध यांच्या गुणोत्तरातून तो कोन निघतो. रोध 500 आणि रिॲक्टन्स 40 ओहम असेल तर कोन साधारण 4.6 अंश. निरोगी प्रौढांत तो बहुतेक 5 ते 7 च्या दरम्यान असतो, पुरुषांत थोडा जास्त, वय वाढेल तसा कमी. आवरणं धडधाकट असलेल्या पेशी भरपूर असतील तर कोन मोठा. पेशी रोडावल्या आणि त्यांच्याबाहेर पाणी साठलं की लहान. म्हणजे ज्या सुजेने स्नायूंचा आकडा फुगवला, तीच सूज हा कोन खाली आणते. दिरांच्या मशीनच्या कागदावर खाली कोपऱ्यात तो छापलेला असू शकतो. दोन्ही कागद काढून बघा. स्नायू वाढले आणि फेज अँगल घटला असं दिसलं, तर मशीनने स्वतःच स्वतःची उलटतपासणी केली म्हणायची.

एक सांगून ठेवते. इंटरनेटवर फेज अँगल शोधलात तर तो आणि पेशंटचं आयुष्य यांचा संबंध लावणारे अभ्यास समोर येतील. मोठ्या आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर 2004 मध्येच असे अभ्यास प्रसिद्ध झालेत. ते पेशंटच्या गटांबद्दल बोलतात. वेगवेगळ्या मशीनचे कोन एकमेकांशी जुळतही नाहीत. एका माणसाचा एका दिवसाचा आकडा घेऊन त्यावरून त्याचे दिवस मोजणं चूक आहे. नानांच्या हाती मोबाइल देऊन हे वाचायला लावू नका.

स्नायूंचा खराखुरा अंदाज हवा असेल तर तो बहुधा तुमच्या फाइलमध्येच पडलेला आहे. ऑपरेशनच्या आधी नानांचं पोटाचं सीटी स्कॅन झालंच असेल. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक छेद घेतला की त्यात पाठीचे, पोटाचे सगळे स्नायू दिसतात, आणि त्या एका छेदातल्या स्नायूंच्या क्षेत्रफळावरून सबंध शरीरातल्या स्नायूंचा बराच चांगला अंदाज येतो. कॅन्सरच्या पेशंटमध्ये संशोधक सध्या याच पद्धतीवर जास्त भर देतात. स्कॅनच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसतं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी ते मिळेलच असं नाही. पण पुढचं स्कॅन होईल तेव्हा आधीच्या स्कॅनची सीडी बरोबर न्या आणि विचारा, "तिसऱ्या लंबर मणक्यापाशी स्नायू कमी झालेत का, डोळ्यांनी पाहून तरी सांगाल का?" फक्त यासाठी मुद्दाम नवं सीटी करायची गरज नाही, उगाच क्ष-किरण अंगावर कशाला घ्यायचे? हाडांच्या घनतेसाठी करतात त्या डेक्सा तपासणीतही स्नायू दिसतात, मात्र सुजेचं पाणी तिथेही स्नायूंच्याच खात्यात धरलं जातं.

दवाखान्यात आहारतज्ज्ञाकडे झोपवून मोजायचं मशीन असेल आणि सूज उतरल्यावर मोजमाप घ्यायचं ठरलं, तर नीट घ्या. हाताच्या पंजावर-मनगटावर दोन आणि त्याच बाजूच्या पावलावर-घोट्यावर दोन अशा चार चिकटपट्ट्या लावतात. आधी निदान चार तास पोट रिकामं, लघवी करून आलेले, दहा मिनिटं उताणे झोपलेले, हात अंगाला आणि मांड्या एकमेकींना न चिकटवता. मांड्या चिकटत असतील तर मध्ये कोरडा पंचा ठेवायचा. हातातलं चांदीचं कडं काढायचं. वेळ पुढची बाटली लागायच्या आधीच्या सकाळची. बाटली उतरल्यावर मोजलं तर बाटलीच मोजली जाणार. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो. तिथून सकाळी मोटारसायकलवर आलेल्या माणसाचे हातपाय गार पडलेले असतात आणि गार कातडीने रोध वाढतो. थोडा वेळ ऊबेत बसू द्या. उंची टेप लावून मोजा, आधार कार्डाच्या वेळी सांगितली होती ती नको. सूत्रात उंचीचा वर्ग असतो. 165 च्या जागी 168 लिहिलं की तेवढ्यानेच आकडा साडेतीन टक्क्यांहून जास्त फुगतो.

जिमच्या मशीनवर मात्र नानांना पुन्हा अनवाणी उभं करू नका, आणि हे आकड्यांमुळे म्हणत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार वस्तूला हात-पाय लागला की झिणझिण्या येतात, टोचतं, काहींना चटका बसल्यासारखं होतं. थंडीत पहाटे पाच वाजता उघडणाऱ्या जिममधली स्टीलची पट्टी म्हणजे त्याला आमंत्रणच. शिवाय कॅपेसिटाबिनने तळपाय लाल होतात, सोलतात. त्यात शेतकऱ्याच्या टाचा, भेगाळलेल्या आणि जाड. तिथून प्रवाह तरी नीट कसा जाणार? नानांनी हे तुम्हाला सांगितलं नसेल. मुलाने हौसेने मशीनवर चढवलं तर कोणता बाप नाही म्हणतो?

घरच्या घरी बघण्यासारखं जे आहे ते याहून सोपं आहे आणि माझ्या मते जास्त खरं. साध्या, दांडी नसलेल्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. नानांना बसवा, हात छातीवर घडी करून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, किंवा हात सोडल्याशिवाय उठताच आलं नाही, तर मांड्यांची ताकद घटली आहे. हा निकष आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये दिला. त्याच गटाने पुरुषांची मुठीची पकड 28 किलोपेक्षा कमी असेल तर ती कमजोर धरली आहे. पकड मोजायचं साधन फिजिओथेरपिस्टकडे मिळतं, दोन मिनिटांचं काम. संडासातून उठताना भिंत धरावी लागते, हे नाना सांगत होते ती हीच चाचणी, फक्त त्यांनी ती घड्याळाशिवाय केली. वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर, आणि शेजारी सूज आहे की नाही तेही लिहा. सूज असताना वाढलेलं वजन आनंदाच्या रकान्यात घालू नका.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पनीरचा विषय निघालाच आहे. दिरांची दिशा चुकीची नाही. कॅन्सरच्या पेशंटसाठी एस्पेन दिवसाला किलोमागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त आणि जमल्यास 1.5 ग्रॅमपर्यंत प्रथिनं, आणि 25 ते 30 कॅलरी सांगतं. हिशेब सूज नसतानाच्या 61 किलोवर करा. प्रथिनं 61 ते 91 ग्रॅम, कॅलरी साधारण 1500 ते 1800. दोन अंडी, अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, पन्नास ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे आणि तीन-चार पोळ्या-भाकरी मिळून सत्तरच्या आसपास जाता येतं. अंडं चालत नसेल तर सोयाबीनच्या वड्या घाला. एका बैठकीत ढीग वाढू नका, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. कुळथाची शेंगोळी गरम गरम दिली तर या थंडीत नाना आवडीने खातील. बाटलीनंतरचे काही दिवस फ्रिजमधलं काहीच देऊ नका. कॅपेसिटाबिनची गोळी जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत द्यायची असते, म्हणून जेवणं चुकवू नका. प्रोटीन पावडरचा डबा डॉक्टरांना दाखवा आणि किडनीचं काम दाखवणारा क्रिॲटिनिनचा रिपोर्ट बघूनच ती चालू ठेवा. ज्यावर कसल्याकसल्या अर्कांची लांबलचक यादी आहे असा डबा जिममध्येच राहू दे. आणि नुसतं खाऊन मांस धरत नाही. फिजिओथेरपिस्टला विचारून तीच खुर्चीची उठबस दिवसातून थोडी थोडी, धरून का होईना, करायला लावा. पाय सुजलेत म्हणून नानांना दिवसभर पलंगावर बसवून ठेवणं हा उपाय नाही.

आता उरलेले प्रश्न. या प्रवाहाने कॅन्सर पसरत नाही. तो इतका कमी असतो की जाणवतही नाही. पेसमेकर किंवा तसलं विजेवर चालणारं यंत्र छातीत बसवलेलं असेल तर मात्र ही तपासणी करायची नाही. केमोचं औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवतात ती डबी, म्हणजे पोर्ट, त्यात मोडत नाही. ज्या वाचक भगिनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन एक हात सुजतो, त्यांनी चिकटपट्ट्या दुसऱ्या बाजूच्या हाताला लावायला सांगावं.

मोबाइलचा वजनकाटा घेऊ नका. त्यात प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. कमरेच्या वरचं सगळं वय आणि उंचीवरून केलेलं अनुमान असतं. नानांची तर सूजच पायांत आहे. या काट्यांपैकी बऱ्याच जणांत 'ॲथलीट' असं एक बटण असतं; ते दाबलं की त्याच माणसाची चरबी त्याच मिनिटाला कमी होते. दुकानात उभ्या उभ्या करून बघा, दिरांनाही दाखवा. त्यापेक्षा साधा डिजिटल काटा घ्या आणि उरलेल्या पैशांची अंडी आणा.

केमोचा डोस या कागदावरून ठरत नाही. उंची आणि वजन यांवरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात, त्यावरून डोस ठरतो, आणि रक्ताचे रिपोर्ट व त्रास बघून तो कमीजास्त करतात. ज्यांचे स्नायू कमी आहेत त्यांना त्याच डोसचा त्रास जास्त होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून नानांची ताकद कमी झाल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालणं महत्त्वाचं. बाटली लागायच्या आधी नर्स वजन लिहून घेतील तेव्हाच सांगा की यातलं किलो-दीड किलो पायातलं पाणी असावं. जिमचे दोन्ही कागदही घेऊन जा, फक्त पहिल्या पानावरच्या रंगीत पट्ट्या न दाखवता रोध, रिॲक्टन्स आणि फेज अँगल जिथे छापलेत ते पान वर ठेवा. आणि दिरांना बरोबर न्या. त्यांनी नानांसाठी धावपळ केली आहे, डॉक्टरांचं त्यांनी स्वतः ऐकलं तर घरात वाद होणार नाही.